ब्रेकवरचा पाय

ब्रेक लागला तेव्हा मास्तरांचा पाय हललाच नव्हता. गाडी उतारावरून खाली येत होती, समोरच्या गल्लीतून लोखंडी सळ्यांनी भरलेला ट्रक उलटा बाहेर निघत होता, सळ्यांच्या टोकांना बांधलेलं लाल फडकं वाऱ्यावर हलत होतं, आणि स्टिअरिंगवर बसलेल्या बाईंनी ‘अगं बाई, अगं बाई’ करत दोन्ही हात घट्ट आवळले होते. मास्तर शेजारच्या सीटवर होते. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा, आणि त्यांचा उजवा पाय त्या ब्रेकवर ठेवलेलाच होता. नुसता दाबायचा होता. इतकी वर्षं तो पाय मास्तरांना न विचारता दाबत आला होता. कुत्रं आडवं आलं, सायकलवाला अचानक वळला, शिकणाऱ्याला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते ऐन वेळी आठवेना, की मास्तरांचं बोलणं मध्ये न तुटता पाय आपलं काम करून मोकळा व्हायचा. आज फडकं जवळ आलं, सळ्यांची टोकं एकेक वेगळी दिसायला लागली, त्यातल्या काही गंजल्या आहेत हेसुद्धा मास्तरांनी नीट पाहिलं, आणि पाय तिथंच राहिला. भीती वाटली नाही. उलट कुणीतरी छातीवरून उठून गेल्यासारखं एकदम हलकं वाटलं. मग गाडी गचकन थांबली, मास्तरांचं डोकं पुढं गेलं, सीटच्या पट्ट्यानं ते मागं ओढलं, आणि काचेपासून हातभर अंतरावर ते लाल फडकं फडफडत राहिलं.

‘सर, वाचवलंत हो! तुम्ही नसतात तर आज माझं काही खरं नव्हतं,’ बाई म्हणाल्या, आणि कपाळ स्टिअरिंगला टेकवून रडायला लागल्या.

या धंद्यात एक गंमत असते. गाडीला ब्रेक दोन, पण थांबते ती एकदाच. कुणाच्या पायानं थांबली ते शिकणाऱ्याला कळत नाही. मास्तर त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचे. स्वतः ब्रेक दाबायचे आणि तोंड भरून म्हणायचे, ‘शाब्बास, वेळेवर दाबलात!’ शिकणारा फुलून जायचा, दुसऱ्या दिवशी खरोखरच वेळेवर दाबायचा. अशी कित्येक माणसं मास्तरांनी थापा मारून ड्रायव्हर केली होती. या बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. यजमानांची नजर गेली म्हणून साठी उलटल्यावर गाडी शिकायला आल्या, आणि गिअर अडला की गाडीलाच ‘सॉरी हं’ म्हणायच्या. त्यांना तर मास्तरांनी रोज शाब्बासकी दिली होती, आणि त्यातली एकही खरी नव्हती. आज पहिल्यांदा गाडी बाईंनी थांबवली होती, एकटीनं, आणि त्याचं श्रेय मास्तरांना देऊन त्या रडत होत्या. ‘नाही हो, तुम्हीच दाबलात,’ मास्तर म्हणाले. पण हेच वाक्य ते इतके वेळा खोटं म्हणाले होते की खरं म्हणूनही ते खोटंच वाटलं. बाई ओल्या डोळ्यांनी हसल्याच. ‘तुमचा मोठेपणा,’ म्हणाल्या.

स्कूलच्या ऑफिसात बाईंनी ही हकिकत मालकांना सांगितली, मालकांनी फोनवर आणखी कुणाला सांगितली, आणि मास्तर पाण्याच्या पिंपाशेजारच्या बाकावर बसून ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांना घाम फुटला. मालकांची धावपळ उडाली. ‘लो झाली, लो झाली! साखर आणा!’ मास्तरांना मधुमेह आहे आणि ते इन्सुलिन घेतात हे स्कूलमध्ये सगळ्यांना पाठ होतं, टेबलाच्या खणात त्यांच्यासाठी साखरेची पुडीसुद्धा ठेवलेली होती. मालकांनी साखर पाण्यात ढवळून पेला पुढं केला. मास्तरांनी आधी साखर मोजायचं मशीन काढलं, बोट टोचलं, पट्टीवर थेंब टेकवला. आकडा अगदी चांगला होता. इतका चांगला की डॉक्टरांनी पाठ थोपटली असती. मास्तर त्या आकड्याकडं बघत राहिले. साखर कमी असती तर बरं झालं असतं. सगळं तिच्या माथी मारून सुटता आलं असतं. मालक विचारत होते, ‘किती आली?’ आणि मास्तर म्हणाले, ‘जरा कमी आहे,’ आणि नको असलेलं साखरपाणी घटाघटा पिऊन टाकलं.

संध्याकाळी घरी बायकोनं दार उघडलं आणि चेहरा बघूनच मशीन आणलं. बायकोचा यात हात धरणारं कुणी नव्हतं. आजार निघाला तेव्हा मास्तर हबकून गेले होते, ती मात्र पदर खोचून उभी राहिली होती. वजनकाटा आणला, वाटीचमचे मोजून वेगळे ठेवले, सुई कशी द्यायची ते आधी स्वतः शिकली आणि मग त्यांना शिकवलं. तिच्यामुळं मास्तरांचे पाय, डोळे, मूत्रपिंडं सगळं शाबूत होतं, हे डॉक्टरही म्हणायचे. फक्त हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, घरातली प्रत्येक गोष्ट साखरेच्या खात्यात जमा व्हायला लागली होती. मास्तर चिडले, ‘साखर कमी झाली असेल.’ मास्तर झोपून राहिले, ‘साखर वाढली असेल.’ परगावची मुलगी फोन करायची ती ‘बाबा, कसे आहात?’ असं विचारायचीच नाही. ‘बाबा, किती आहे?’ विचारायची, आणि आकडा ऐकला की तिचा जीव भांड्यात पडायचा. मास्तरांचा धाकटा भाऊ गेला त्या आठवड्यात एकदा जेवताना त्यांना हुंदका आला होता. घास हातात राहिला, नाक वाहायला लागलं, भाऊ लहानपणी शिट्टी वाजवत जिना उतरायचा ती शिट्टी कानात यायला लागली. बायको उठली, डब्यातून ग्लुकोजचं बिस्किट काढून त्यांच्या तोंडापाशी धरलं. ‘आधी हे खा.’ त्यांनी खाल्लं. रडत रडत बिस्किट चावणं फार अवघड असतं. चावायला लागलं की रडू थांबतं, आणि थांबलेलं रडू पुन्हा कुठून सुरू करायचं ते कळत नाही. बायको समाधानानं म्हणाली होती, ‘बघा, बरं वाटलं ना?’ ते म्हणाले होते, ‘हो.’ त्यानंतर शिट्टी ऐकू आली नाही. हळूहळू दुसरंही काही ऐकू येईनासं झालं. गाडीत पूर्वी ते गुणगुणायचे, शिकणाऱ्यांच्या फिरक्या घ्यायचे. आता ‘क्लच, गिअर, आरसा’ एवढंच तोंडातून यायचं आणि तेही दुसराच कुणी बोलतोय असं वाटायचं. सकाळी अंथरुणात पाय खाली सोडून बसल्यावर चपलेपर्यंतचं अंतर फार मोठं वाटायचं. त्यालाही नाव होतंच, ‘अशक्तपणा’. आजही बायकोनं बोट टोचलं, आकडा बघितला. ‘छान आहे की! मग झालं तर,’ म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मास्तर टोचलेलं बोट दाबून धरून बसून राहिले.

पाय. झोपेत, आंघोळीत, सिग्नलला उभं असताना त्यांच्या डोक्यात एवढंच यायचं. पाय का हलला नाही? आणि मग एका सकाळी दाढी करताना उत्तर सापडलं आणि त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी आरशात बघून चक्क शीळ घातली. या आजारात पाय बधिर होतात! दवाखान्यात भिंतीवर चित्रच आहे, एक माणूस खिळ्यावर पाय देऊन उभा आहे आणि त्याला पत्ताच नाही. तसंच झालं असणार. मनानं ‘दाब’ म्हटलं असेल, पाय मेलेला, त्याला ऐकूच गेलं नसेल. दुसरा कुणी आपला पाय मेला म्हणून रडला असता. मास्तर त्या दिवसापासून बधिर पायाची वाट बघायला लागले. मोजा घालताना ते तळवा चाचपून बघायचे आणि लागल्यासारखं झालं की मनाला समजवायचे, नीट नाही लागलं. तपासणीच्या तारखेची त्यांना कधी नव्हे ती घाई झाली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि खुर्चीत मागं रेलले. ‘वा! तुमचे आकडे मी बाकीच्यांना दाखवायला हवेत.’ मग पाय तपासायला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं पायवाल्या सिस्टर होत्या. दिवसभर लोकांचे तळवे बघून त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत अशी त्यांची थट्टा चालायची. त्यांनी मास्तरांना उंच बाकावर झोपवलं, मोजे काढले, आणि एक बारीक नायलॉनचा धागा हातात घेतला. ‘डोळे मिटा. कुठं टेकला ते लागलं की हो म्हणायचं.’ मास्तरांनी डोळे मिटले. अंगठ्याखाली मुंगीनं पाय ठेवावा तसं झालं. ‘हो.’ करंगळीपाशी. ‘हो.’ टाचेवर. ‘हो.’ तळव्याच्या मध्यभागी धागा टेकला तेव्हा ते ओठ आवळून गप्प राहिले. सिस्टरनी पुन्हा टेकवला. ‘इथं नाही लागत?’ मास्तर गप्पच; पण पायाची बोटं आपण होऊन आत वळली. सिस्टर हसल्या. ‘मास्तर, थट्टा करता होय? गुदगुल्या होतात की तुम्हाला! पाय एकदम फर्स्ट क्लास आहे. या वयात, इतक्या वर्षांच्या आजारात असा पाय बघायला मिळत नाही.’

आणि मास्तर त्या बाकावर, मोजे नसलेले पाय पुढं करून, ढसाढसा रडायला लागले. त्यांना स्वतःलाच धक्का बसला. आवाज कुठून येतोय ते आधी कळेना. सिस्टरनी सवयीनं मशीनकडं हात नेला, मग तो तसाच थांबवला. ‘अहो, पाय वाईट आहे म्हटलं की लोक रडतात,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘चांगला आहे ऐकून रडणारे तुम्ही पहिलेच. मोजे घाला. माझ्याबरोबर चला.’

त्यांनी नेलं ते पॅसेजच्या टोकाच्या खोलीत. तिथं एक काउन्सेलर बाई बसायच्या, वयानं मास्तरांच्या मुलीएवढ्या. टेबलावर मशीन नव्हतं, वजनकाटा नव्हता. मास्तरांनी सवयीनं डावा हात पुढं केला आणि त्या हाताचं काय करायचं ते दोघांनाही कळलं नाही. ‘आकडा राहू दे,’ काउन्सेलर म्हणाल्या. ‘सकाळी उठावंसं वाटतं का?’ इतका साधा प्रश्न, आणि मास्तरांना आठवेना की याआधी कुणी विचारला होता. मग त्यांनी ट्रक सांगितला. सळ्या, फडकं, हलकं वाटलं तेसुद्धा. त्यांना वाटलं होतं, ही मुलगी घाबरेल नाहीतर उपदेश करेल. ती म्हणाली, ‘जीव द्यावा असं मनात येतं का तुमच्या?’ भर दुपारी, खिडकी उघडी, बाहेर कुणीतरी केर काढतंय, आणि हा शब्द असा टेबलावर ठेवलेला. ‘द्यावा असं नाही,’ ते म्हणाले. ‘पण गेला तर अडवावा असंही वाटत नाही. सारखं अडवत बसायचा कंटाळा आलाय. रोज टोचा, रोज मोजा, रोज ब्रेक दाबा. मला एकदा न दाबता बघायचं होतं बहुतेक.’ आपण हे बोललो यावर त्यांचा विश्वास बसेना.

काउन्सेलर बाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं, की या आजाराच्या माणसांना असं मनाचं दुखणं पुष्कळदा लागतं आणि साखर चांगली राहिली म्हणजे ते गेलं असं होत नाही. दर आठवड्याला येऊन बोलायचं. बुधवारी इथं सात-आठ पेशंट गोल करून बसतात, त्यांच्यात बसायचं. तिथं आकडा सांगायला बंदी आहे. पूर्वी आवडायचं ते एकेक, आता आवडत नसलं तरी, पुन्हा थोडं थोडं करायला घ्यायचं. गरज लागली तर डॉक्टर गोळीही देतील, आणि आज तुम्ही बोललात ते डॉक्टरांना आत्ता सांगावं लागेल. घरात इन्सुलिन सध्या बायकोच्या ताब्यात राहील. आणि शिकवणीच्या गाडीत तूर्त बसायचं नाही. ‘आणि पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या,’ त्या म्हणाल्या. ‘हे घरी माहीत असलं पाहिजे. तुम्ही सांगणार नसाल तर मला सांगावं लागेल.’ मास्तर म्हणाले, ‘मी सांगतो,’ आणि घरी जाऊन फक्त एवढंच म्हणाले की डॉक्टरांनी तुला बोलावलंय, तोवर इन्सुलिन तू सांभाळ. बायकोनं बाटल्या स्वतःच्या कपाटात ठेवल्या आणि विचारलं, ‘काय, डोस विसरायला लागलात का?’ मास्तर हो म्हणाले.

मालकांकडं त्यांनी रजा मागितली, कारण विचारल्यावर ‘तब्येत’ म्हणाले. टेलिफोनच्या बाई तिथंच पुढच्या शिकवणीसाठी थांबल्या होत्या. त्यांना मात्र मास्तर बाजूला घेऊन गेले. ‘त्या दिवशी ब्रेक तुम्ही दाबला होतात. माझा पाय हललाही नव्हता.’ बाईंनी आधी मान हलवली, मग थबकल्या, मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की त्या शाळकरी मुलीसारख्या दिसायला लागल्या. ‘मी? खरंच मी?’ त्यांनी स्वतःच्या पायाकडं बघितलं. आणि मग हळूहळू, दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. उजेड गेला. त्या एक पाऊल मागं सरकल्या, मास्तरांना ते दिसलं आणि लागलं. ‘म्हणजे तुम्ही...’ त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, ‘हो.’ बाईंनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, जायला वळल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, ‘सर, मी शिकणार तुमच्याकडंच. तुम्ही बरे होईपर्यंत थांबते. पण मला फार राग आलाय तुमचा.’ मास्तरांना वाटलं, इतकं खरं कुणी आपल्याशी कितीतरी दिवसांत बोललं नाही.

बायको दवाखान्यात चांगली साडी नेसून आली. मांडीवर पर्स, पर्समध्ये मशीन. परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलीसारखी ती ताठ बसली आणि काउन्सेलर बाईंच्या प्रश्नांना पटापट उत्तरं द्यायला लागली. खाणं किती, चालणं किती, डोस कधी. ‘आणि हे गप्प झाले, की तुम्ही काय करता?’

‘मशीन आणते.’

‘आकडा चांगला आला तर?’

‘तर मी सुटले,’ ती म्हणाली आणि हसली. हसू पुरतं उमटायच्या आत तिचं तिलाच ते कसंतरी वाटलं. मास्तरांनी तेवढ्यात बोलायला सुरुवात केली, कारण आत्ता नाही बोलले तर पुन्हा बिस्किट तोंडात येईल असं त्यांना वाटलं. ते जमिनीकडं बघत बोलले. ट्रक, फडकं, पाय, सगळं.

‘त्या दिवशी साखर कमी झाली होती तुमची,’ बायको म्हणाली.

‘नव्हती. मालकांना मी खोटं सांगितलं. संध्याकाळी तूच बघितलीस.’

‘मग त्या गाडीचा ब्रेक खराब असेल. मालक कुठं लक्ष देतात गाड्यांकडं!’

‘ब्रेक चांगला आहे.’

‘पाय बधिर होतात या आजारात,’ ती घाईघाईनं म्हणाली. ‘मी वाचलंय.’

‘पाय चांगला आहे गं.’

मास्तर ज्या ज्या दारातून निसटू बघत होते ती सगळी दारं तिनंही एकेक करून ढकलून बघितली, आणि ती बंद आहेत म्हटल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. पर्सवरचे हात सैल झाले. आता ही रडेल, मास्तरांना वाटलं, किंवा ओरडेल, इतकी वर्षं मी उस्तवार केली ती याचसाठी का म्हणेल. तिनं विचारलं ते वेगळंच. ‘आपण दोघं माझ्या ताईकडं जातो गाडीनं, तुम्ही चालवता. मी शेजारी असते. तेव्हा?’

मास्तरांनी खरोखर आठवून बघितलं. ‘तेव्हा नाही,’ ते म्हणाले. ‘तेव्हा तू सारखी बोलत असतेस.’

काउन्सेलर बाईंच्या ओठांवर हसू आलं होतं, ते तिथंच विरलं. कारण बायको हसली नाही. ती खिडकीकडं बघत होती.

‘मी का बोलते सारखी, माहितीये?’ ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. डोस सांगणारा, कुकरच्या शिट्ट्या मोजणारा तो आवाज नव्हता. ‘मी गप्प बसले ना, की मलाही तसंच वाटतं. दार उघडून उतरून जावं, गाडी चालू असतानाच. म्हणून बोलत राहते. भाज्या, ताईचा जावई, काहीही.’ ती थांबली. ‘तुमचा निदान आकडा तरी कुणीतरी विचारतं.’

मास्तरांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, चूक झालेली नाही. ज्या माणसानं आपल्याला रोज टोचून, मोजून, भरवून जिवंत ठेवलं ते माणूस रोज आपल्याशेजारी बसून स्वतःला बोलण्यानं बांधून ठेवत होतं, आणि आपण खिडकीची काच खाली करून तो बडबडीचा त्रास सहन करत होतो. त्यांचा हात आपोआप उठला, काहीतरी आणून तिला द्यायला, आणि तसाच अधांतरी राहिला. तिच्यासाठी कुठल्याच डब्यात काही ठेवलेलं नव्हतं. काउन्सेलर बाई काही बोलतील म्हणून त्यांनी तिकडं बघितलं. त्यांनी मानेनंच बायकोकडं खूण केली.

मास्तरांनी खुर्ची सरकवून बायकोकडं तोंड केलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही काय विचारायचं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

‘कधीपासून?’ त्यांनी विचारलं.

बायको त्यांच्याकडं बघत राहिली, बऱ्याच वेळानं ओळख पटावी तशी.

‘आठवावं लागेल,’ ती म्हणाली. ‘कुणी कधी विचारलंच नव्हतं.’